पासिंगपुरता घाम

विट्याच्या ट्रक स्टँडमागं टायरांचा एक संच होता. त्या टायरांनी रस्ता असा कधी पाहिलाच नाही. पाहिलं ते फक्त पासिंग. ज्याची गाडी वार्षिक तपासणीला निघायची तो आदल्या दिवशी हे टायर चढवायचा. वर कुणाचे तरी हेडलाइट, कुणाचा तरी आरसा, कुणाची तरी औषधपेटी. साहेब गाडीभोवती एक फेरी मारायचा, शिक्का बसायचा, आणि संध्याकाळपर्यंत ज्याचं त्याला परत. यात कुणाला लबाडी वाटत नसे. शेजारणीचा हार घालून लग्नात मिरवत नाहीत का, तसंच हे, असं सगळे म्हणत. पुढं माणसांचंही पासिंग सुरू झालं, तेव्हा या मंडळींना आधी टायरच आठवले, यात नवल नाही.

माणसांचं पासिंग म्हणजे ड्रायव्हरची वैद्यकीय तपासणी. ती पूर्वीही होतीच, पण ती कशी होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर मान वर न करता विचारायचा, "दिसतं ना?" आणि ड्रायव्हर म्हणायचा, "दिसतंय की." झालं. आता मोठ्या महामार्गांवर बिनड्रायव्हरच्या गाड्या धावत होत्या. घाटात, बाजारपेठेत, गोठ्यांच्या वाटांवर मात्र अजून माणूसच लागायचा. मग तो माणूस तरी धडधाकट पाहिजे, असा हट्ट सरकारनं धरला आणि घ्राणयंत्र आणलं. कागदावर घ्राणयंत्र, स्टँडवर नुसतं 'नाक'. "पूर्वी वाटंत नाका लागायचा, आता नाक लागतंय," असं म्हणून लोक हसले. फार दिवस हसले नाहीत.

नाकाची गोष्ट तशी सोपी होती. आजार माणसाला कळायच्या आधी त्याच्या कातडीला कळतो. कातडीतून सारखं बारीक तेल झिरपत असतं, आणि आत काही बिघडलं की त्या तेलाची घडण बदलते. वाढलेल्या साखरेचा एक वास, दारूचा दुसरा, जागरणाचा तिसरा. माणसाला हे वास येत नाहीत, कुत्र्याला येतात, आणि या यंत्राला कुत्र्यापेक्षाही चांगले येत. मानेमागं, केस संपतात तिथं, बोटभर रुंदीची पट्टी चिकटवायची. आठवडाभर ती घाम आणि तेल पीत राहते. मग ती यंत्रात सरकवली की माणसाची आतली सगळी हकिगत बाहेर. मेंदूचे काही आजार तर हातपाय बिघडण्याच्या कित्येक वर्षं आधी या तेलात उतरतात. ते हुंगायची सोय यंत्रात त्याच वर्षी नव्यानं बसवली होती.

पट्टीची अदलाबदल होऊ नये म्हणून तिच्या कडेनं केसासारखी तार होती. तार तुटली किंवा पट्टी फार वेळ गार पडली की नोंद व्हायची. पण घाम कुणाचा, हे मात्र नाक ओळखत नसे. त्याला ते जमलं असतं, पण कायद्यानं मनाई होती. घामावरून माणसाची ओळख काढणं म्हणजे त्याच्या खासगीपणावर घाला, असा निकाल झालेला होता. आजार शोधा, माणूस शोधू नका. मोठा चांगला कायदा होता तो.

रणजित देवकर दूध संघाचा टँकर चालवायचा. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं सुटलेला, स्वभावानं गरीब. विट्याचं दूध मुंबईला पोचवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि आजवर त्यानं टँकरला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता. पण गेली दोन वर्षं त्याला साखर लागली होती. एका खासगी डॉक्टरकडून तो गुपचूप गोळ्या घ्यायचा, बायकोनं केलेला कारल्याचा रस तोंड वाकडं करून प्यायचा, आणि साखर काही केल्या हटत नव्हती. वाढलेल्या साखरेवर नाक एकदा बसलं की जड वाहनाचं लायसन गेलं. आणि साखरेसाठी संघ काही देत नसे. साखर म्हणजे ज्याची त्यानं खाल्लेली, असा संघाचा हिशेब.

मानेवर पट्टी बसली त्या दिवशी रणजित स्टँडमागच्या सिकंदर पंक्चरवाल्याकडं जाऊन बसला. तिथंच त्याचा मेव्हणा भेटला. धैर्यशील, वैशालीचा धाकटा भाऊ. द्राक्षांचा कंटेनर बंदरावर नेणारा, तालमीत घडलेला, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा गडी. त्याचं पासिंग आदल्याच वर्षी झालं होतं, म्हणजे त्याला पुढची दोन वर्षं घोर नव्हता. दाजीचा चेहरा बघून त्यानं खोदून खोदून विचारलं आणि सगळं ऐकून मोठ्यानं हसला.

"येवढंच व्हय? आन् तोंड असं पाडून बसलाय की घरात मयत झाल्यागत. माझी मान मोकळीच हाय की. लावा हिकडं पट्टी."

"तुझ्या लायसनवर यायचं रं," रणजित म्हणाला.

"टायर देताना कधी कुणी इचार केलाय का? आन् माझ्या घामात काय सापडणार दाजी? सापडलं तर तूप सापडंल."

सिकंदरनं चहाच्या किटलीची वाफ पट्टीवर धरली, नखानं एक कड उचलली, आणि तार न तुटता पट्टी अलगद या मानेवरून त्या मानेवर गेली. "पट्टी बसवणं हा आपला खानदानी धंदा हाय," तो म्हणाला. तिघंही हसले. आठवड्यानं धैर्यशील बंदरावरून आला, परत तशीच वाफ दिली, आणि रणजित दुसऱ्याचा घाम मानेवर घेऊन सांगलीच्या तपासणी केंद्रावर गेला. पट्टी तिथं देऊन आला आणि त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

निकालाचं बोलावणं आलं तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. डॉक्टर आफळेबाई तरुण होत्या आणि वाईट बातमी सांगायची त्यांना अजून सवय झाली नव्हती. आधी त्यांनी पाणी दिलं.

"साखर अगदी उत्तम आहे तुमची," त्या म्हणाल्या.

रणजितला हसू आवरेना.

"पण यंत्राला दुसरं काही तरी सापडलंय. देवकर, तुम्हाला कंपवाताची सुरुवात आहे. आत्ता काहीही जाणवणार नाही. हात हलणार नाही, चाल बदलणार नाही. फार तर वास कमी यायला लागतील. पण मेंदूत एका जागी पेशी मरायला लागल्यात."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशी रणजितची गत झाली. बाई समजावत होत्या. मेंदूच्या पोटात काही पेशी असतात, हालचालींना वंगण पुरवणाऱ्या. त्यांच्यात एक प्रथिन साचून गोळे होतात आणि पेशी एकेक करून मरतात. गंमत अशी, की निम्म्याहून जास्त पेशी मरेपर्यंत उरलेल्या पेशी कुणाला कळूच देत नाहीत. हात थरथरायला लागला की लोक म्हणतात आजार सुरू झाला. तेव्हा तो खरं तर जिंकून बसलेला असतो.

"आता ते गोळे होऊच न देणारं इंजेक्शन आलंय. महिन्याला एक. पण ते जिवंत पेशी वाचवतं, मेलेल्या उठवत नाही. एकदा हात हलायला लागला की त्याचा काही उपयोग नाही, मग आम्ही ते देतही नाही. तुमचं वेळेत सापडलं. नशीबवान आहात."

"किती वेळ आसतोय हातात?"

"नक्की सांगता येत नाही. वर्ष, दोन वर्षं."

"मशीन चुकत आसंल की."

"नाही चुकत," बाई हळूच म्हणाल्या. "आणि पडताळायला दुसरी तपासणी नाही. स्कॅनमध्ये दिसेपर्यंत उशीर झालेला असतो."

रणजितला सगळं समजलं होतं. बाई त्याच्याशी बोलत होत्या, पण बोलणं धैर्यशीलबद्दल चाललं होतं. तालमीतला तो गडी, ज्याच्या घामात तूप निघणार होतं. रणजितनं तोंड उघडलं. बाईंच्या मागं भिंतीवर पाटी होती. पट्टी बदलणारा आणि बदलू देणारा, दोघांचंही लायसन कायमचं रद्द, दोघांनाही कैद. तरी तो बोलला असता. निदान पुढं आयुष्यभर तो स्वतःला तसं सांगत राहिला.

पण नेमकं त्याच वेळी बाईंनी विचारलं, "तुम्ही दूध संघाचे ना? सेवेत असताना मेंदूचा आजार निघाला तर संघ अर्धा पगार देतो आणि वारसाला नोकरी. मूलबाळ आहे ना कुणी?"

उघडलेल्या तोंडातून शब्द आले ते असे, "पोरगी हाय. ऋतुजा. डेअरीचा डिप्लोमा झालाय तिचा."

"मग तर चांगलंच झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर बरं वाटलं.

घरी रडारड झाली. वैशालीनं देव पाण्यात ठेवले. ऋतुजा बापाच्या गळ्यात पडून रडली आणि रणजितला तिच्या डोक्यावरून हात फिरवायचीही लाज वाटली. धैर्यशील बंदरावरून आला तो कंटेनर वाटेतच लावून थेट घरी. बहिणीला बाजूला सारून त्यानं रणजितला अंगणात नेलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दाजी, पट्टी तर माझी हुती. मग ह्यो आजार कुणाचा?"

रणजितनं वाटेतच सगळं जुळवून ठेवलं होतं. चोराला वाटा लवकर सुचतात. "तुझी पट्टी दिलीच न्हाई मी," तो म्हणाला. "केंद्राच्या दारात पोचलो आन् मन खायला लागलं. तूच अडकशील उद्या, असं वाटलं. पट्टी फाडून टाकली, निघाली म्हणून सांगितलं. त्यांनी नवी लावली. आठ दिवस माझीच मान हुती."

"आन् मला बोललाही न्हाईसा?"

"तू बंदरावर हुतास."

धैर्यशीलनं वाकून दाजीच्या पायाला हात लावला. "लई खरं वागलात दाजी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा श्वास होता आणि त्या सुटकेची त्याला शरम वाटत होती, हे रणजितला स्पष्ट दिसलं. रणजित स्वतःला म्हणाला, आज नको. जरा स्थिरस्थावर झालं की सांगू.

ऋतुजाला संघाच्या प्रयोगशाळेत घेतलं. पहिलं वर्ष कच्चं, मग कायम. पांढरा कोट घालून पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहिल्या. आणि रणजितची महिन्याची इंजेक्शनं सुरू झाली. तिथं त्याला न्यायचा कोण? धैर्यशील. त्या दिवशी तो भाडं सोडायचा, मित्राची मोटार मागून आणायचा, दाजीला पुढच्या सीटवर बसवून पट्टा स्वतः लावायचा. आजारी माणूस धडधाकट माणसाला दवाखान्यात नेत होता, स्वतःचं औषध दुसऱ्याला टोचलं जाईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहत होता, आणि "दुखलं का वो?" म्हणून विचारत होता. यापेक्षा रणजितला कुणी चौकात उभं करून जोड्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

इंजेक्शन कडक होतं. तीन-तीन दिवस उलट्या व्हायच्या, तोंडाची चव जायची. हा आजार नसलेल्या शरीराला ते सोसत नव्हतं. त्याची वाढलेली साखरही एकदा केंद्रावर सापडली, तेव्हा आफळेबाई म्हणाल्या, "औषधामुळं होतं असं." रणजितला स्वतःचा आजारही आता स्वतःच्या नावावर उरला नव्हता.

एकदा परतीच्या वाटेवर धैर्यशीलनं भज्यांच्या गाडीपाशी मोटार थांबवली. कढईत मिरच्या पडल्या आणि शेजारची माणसं ठसकायला लागली. धैर्यशील शांत उभा होता.

"सर्दी हाय का रं?" रणजितनं विचारलं.

"न्हाई वो. आलीकडं वासच येत न्हाई कशाचा. परवा कंटेनरमधी द्राक्षं नासली तर क्लीनरनं सांगितलं मला. जाऊ द्या, तुम्ही खावा गरम गरम."

रणजितनं हातातलं भजं तसंच कागदात ठेवलं. त्या संध्याकाळी ऋतुजा घरी यायच्या आत त्यानं वैशालीला सगळं सांगितलं. पट्टी, वाफ, बाईंचं बोलणं, अंगणातलं खोटं, काही म्हणजे काही ठेवलं नाही.

वैशाली भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी जळून काळी झाली तरी तिनं ती उलटली नाही. मग ती उठली आणि तिनं नवऱ्याच्या फाडकन मुस्काटात मारली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

"माझा येकटा भाऊ हाय त्यो," ती म्हणाली. "येकटा."

"मी सांगतो त्येला. आत्ता फोन करतो."

रणजितनं फोन हातात घेतला. वैशालीनं तव्यावरची जळकी भाकरी काढली, तवा खाली ठेवला, गॅस बंद केला. तिला हे सगळं करायला फार वेळ लागला.

"फोन केला की मग काय हुतंय?" तिनं विचारलं.

"त्यो सोताच्या नावानं तपासून घील. मग ईचारतील, तुला कसं कळलं. मग निघंल सगळं."

"आन् ऋतुजाची नोकरी?"

रणजितनं फोन खाली ठेवला.

वैशाली भिंतीला टेकून बसली. बाहेर ऋतुजाच्या गाडीचा आवाज आला, फाटकाची कडी वाजली. वैशालीनं पदरानं डोळे पुसले आणि अगदी हळू म्हणाली, "पोरगी कायम हू दे. मग मीच सांगते त्येला."

त्या दिवसापासून तिनं भावासाठी सोमवार धरले. तोंड उघडण्यापेक्षा ते मिटून उपास करणं सोपं असतं. तिनं त्याला तूप पाठवलं, डिंकाचे लाडू पाठवले, दृष्ट काढली. दिवाळीत भाऊबीजेला त्याला ओवाळताना ती हमसून रडली, तेव्हा धैर्यशीलच तिची समजूत घालत होता, "आक्का, दाजींना काय हुत न्हाई. मी हाय ना."

ऋतुजा कायम झाली. पत्र आलं त्या दिवशी नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं नाही. मग ठरलं, तिचं लग्न जमतंय, तेवढं जमू दे. लग्न जमलं. मग ठरलं, साखरपुड्यात अपशकुन नको. साखरपुडा झाला. मग द्राक्षांचा हंगाम आला आणि धैर्यशील सापडेना. सांगायचं नसलं की पंचांगातला एकही दिवस चांगला निघत नाही. दोघंही वाईट माणसं नव्हती. वाईट माणसं एकदाच काय ते ठरवून मोकळी होतात. यांनी रोज थोडं थोडं ठरवलं.

शेवटी रणजितलाच एक वाट सुचली आणि वैशालीला ती पटली. हंगाम संपला की धैर्यशीलचं पासिंग होतं. नाकच काय ते सांगेल. त्याच्या मानेवर पट्टी बसेल, यंत्र हुंगेल, आफळेबाई त्याला पाणी देतील आणि इंजेक्शन सुरू करतील. कुणाला काही बोलायला नको, ऋतुजाच्या नोकरीला धक्का नको, आणि भाऊही वाचेल. बाई म्हणाल्या होत्या ना, वर्ष, दोन वर्षं. म्हणजे वेळ आहे. ही वाट सापडल्यावर वैशाली त्या रात्री पोटभर जेवली. रणजितनंही मनातल्या मनात त्या यंत्राला नमस्कार केला.

आणि रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, धैर्यशील पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

"पासिंग झालं!" त्यानं दारातूनच आरोळी दिली. "आक्का, देवाम्होरं ठेव. येकदम स्वच्छ. साखर न्हाई, बीपी न्हाई, काय न्हाई."

वैशालीनं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. रणजित खुर्चीतून अर्धवट उठला होता. क्षणभर दोघांच्याही मनात एकच आलं, की नाक तेव्हा चुकलं होतं, धैर्यशीलला काही झालेलंच नाही, देव पावला.

"काय सापडलं न्हाई?" रणजितनं विचारलं. "मेंदूचं, तसलं काय?"

"सापडंल कसं?" धैर्यशील खाली बसला आणि आवाज उतरवून हसला. "पट्टी शुभांगीच्या मानंवर हुती. घरच्या घरी काम. नाकाला कुठं बाई आन् बाप्या कळतोय? गरवार निघालो न्हाई म्हंजे मिळवली."

शुभांगी म्हणजे त्याची बायको.

"तू कशाला रं बदलायची?" वैशालीचा आवाज फाटला. "तुला काय धाड भरली हुती?"

धैर्यशील जरा ओशाळला. "काय न्हाई गं. दोन महिनं झालं, उजवा खांदा आखडतोय. आन् ह्यो अंगठा, उगंच उडतोय बघ गप बसलं की. थंडीत रात-रात गाडी चालवून झालं आसंल. पन त्या नाकाला कोण सांगणार? त्ये काय तरी मोठं नाव देऊन मोकळं व्हायचं." मग तो रणजितकडं वळला. "खरं सांगू दाजी? तुमच्यासारखं वागायचं माझ्याही मनात हुतं. पट्टी लावली तवा वाटलं, दाजींनी येवढी माझी पट्टी फाडून टाकली, सोताची मान दिली, आपुन पन खरं वागावं. मग इचार केला. खरं वागून त्यांचं काय झालं? घरात बसलं, सुया टोचून घेतल्या. तुमच्यावरनंच मी शाना झालो."

त्यानं पुड्याचा दोरा सोडायला घेतला. गाठ सुटेना. अंगठा तर्जनीवर आपला आपणच घासत होता, वाती वळाव्यात तसा, आणि धैर्यशील हसत हसत तो दुसऱ्या हातानं दाबून धरत होता.

रणजितला ते बघवेना. तो खुर्चीतून उठला, मेव्हण्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याचा तो हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"धैर्या, मी खोटं बोललो. ती पट्टी तुझीच हुती. मी फाडली न्हाई. तुझीच दिली. आजार तुझा हाय. मला काय झालेलं न्हाई. पहिल्या दिवसापास्नं मला ठावं हाय. ऊठ. आत्ता चल सांगलीला. मी त्यांच्याम्होरं सांगतो सगळं, मला आत टाकू द्या, पन तू ऊठ."

धैर्यशीलच्या चेहऱ्यावर ना राग आला ना भीती. हळूहळू त्या चेहऱ्यावर फार मोठी माया आली. मेंदूचा आजार असलेल्या माणसाकडं आपली माणसं कशी बघतात, ते रणजितला तेव्हा कळलं.

"आसू द्या दाजी," धैर्यशील म्हणाला. "आसू द्या. आजार माझा तर माझा." मग मान वळवून, रणजितला ऐकू येणार नाही अशा समजुतीनं, तो बहिणीला म्हणाला, "आक्का, कवापास्नं बोलत्यात असं?"

"वैशाली," रणजित ओरडला, "सांग त्येला! तू तरी सांग!"

वैशाली चौकटीला धरून उभी होती. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, भावाच्या चेहऱ्याकडंही नाही. ती त्याच्या हाताकडं बघत होती. हात हलायला लागला की औषध देत नाहीत, हे तिला नवऱ्यानंच सांगितलं होतं. आता खरं सांगून भावाला काही मिळणार नव्हतं. जायचं होतं ते फक्त पोरीचं. ज्या बाईनं दीड वर्ष रोज थोडं थोडं ठरवलं, तिला हे शेवटचं ठरवायला फार वेळ लागला नाही.

"व्हय रं," ती म्हणाली. "महिना झाला. डॉक्टरबाई म्हणाल्याच हुत्या, पुढं पुढं असं बोलायला लागतील म्हणून."

धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पुड्याचा दोरा दातानं तोडला, एक पेढा घेतला आणि थरथरणारा हात डाव्या हातानं सावरत तो दाजीच्या तोंडाजवळ नेला.

"घ्या दाजी. माझ्या पासिंगचा हाय. उगं जिवाला लावून घेऊ नका."

रणजितनं एकदा बायकोकडं पाहिलं. मग तोंड उघडलं आणि पेढा खाल्ला.